पावसाळ्यात भुयारी स्टेशनात पाणी शिरतं ते नेमकं कुठून?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही रोज मुंबईच्या भुयारी मेट्रो ३ ने दादरहून चर्चगेटला जाता. २६ मे २०२५ ला वरळीतल्या आचार्य अत्रे चौक स्टेशनात पाणी भरलं, त्याचे व्हिडिओ तुमच्या आईने पाहिले आणि तेव्हापासून ‘पावसात भुयारातून जायचं नाही’ असा तिचा धोशा आहे. स्टेशन समुद्रसपाटीच्या खाली, शेजारी समुद्र, वरून मुंबईचा पाऊस. मग एरवी पाणी आत येत नाही ते कसं, आणि त्या दिवशी आलं ते कसं? शिवाय गुडघ्यांमुळे आईला लिफ्टच लागते, तर तिला सोबत न्यावं की नाही?

मी स्थापत्य अभियंता आहे. भुयारी स्टेशनांच्या कामावर बरीच वर्षं काढली, आणि त्यातला बहुतेक काळ खोदाई, डीवॉटरिंग (पाणी उपसणं) आणि वॉटरप्रूफिंग यांतच गेला. म्हणजे पाण्याशी भांडणं हाच धंदा. अत्रे चौकाच्या कामाशी माझा संबंध नव्हता, त्यामुळे तिथल्या घटनेबद्दल जे जाहीर झालं तेवढ्यावरच बोलेन.

तुमच्या प्रश्नात तीन वेगवेगळी पाणी एकत्र झाली आहेत: जमिनीतलं, आभाळातलं आणि रस्त्यावरचं. ती सुटी केल्याशिवाय उत्तर देता येत नाही, कारण तिन्हींचा बंदोबस्त वेगळा आणि धोकाही वेगळा.

आधी जमिनीतलं घेऊ. लोकांना सगळ्यात जास्त भीती याची वाटते. माझ्या मते, चालू स्टेशनात उभ्या असलेल्या प्रवाशाने सगळ्यात कमी काळजी करावी असं पाणी हेच.

मुंबईत वरून खाली खणत गेलात की आधी भराव लागतो, काही ठिकाणी खाडीची चिकणमाती, मग मुरूम आणि त्याखाली खडक. खडक बहुतांशी बेसाल्ट, मधूनमधून ब्रेशिया आणि टफ (ज्वालामुखीच्या तुकड्यांचे आणि राखेचे खडक). अखंड बेसाल्टमधून पाणी फारसं येत नाही. ते येतं खडकाच्या भेगांतून आणि वरच्या भरावातून. चर्चगेट ते कफ परेड हा पट्टा तर बराचसा समुद्र हटवून केलेल्या जमिनीवरच आहे. पावसाळ्यात सखल भागांत भूजल जवळजवळ रस्त्याच्या पातळीला येऊन टेकतं. म्हणून डिझाइन करताना आम्ही ‘पाणी किती खोल असेल’ असा विचारच करत नाही. ते जमिनीच्या पातळीपर्यंत, किंवा पुराच्या पातळीपर्यंत, भरलेलं आहे असं धरूनच हिशोब सुरू होतो.

मेट्रो ३ ची एकूण लांबी ३३.५ किलोमीटर. २७ स्टेशनं, त्यातलं आरे जेव्हीएलआर तेवढं जमिनीवर, बाकी २६ भुयारी. त्यातली बहुतेक ‘कट अँड कव्हर’ पद्धतीची, म्हणजे वरून खड्डा खणायचा, आत स्टेशनाची काँक्रीटची पेटी बांधायची आणि वर रस्ता पुन्हा घालायचा. काळबादेवी-गिरगावसारख्या दाटीच्या भागात एवढा मोठा खड्डा घेणं शक्यच नव्हतं, म्हणून तिथे स्टेशनाचा मोठा भाग जमिनीखालून खडक पोखरून केला. पुढचा हिशोब मी वरून खणलेल्या पेटीचा सांगतो.

समजा, पेटीचा तळ भूजलाच्या पातळीखाली २० मीटरवर आहे. पाणी बाजूच्या भिंती आत ढकलतं हे सगळ्यांना सुचतं. ते तळाला वर उचलतं, हे सहसा सुचत नाही. रिकामी बादली पाण्याच्या टाकीत उभी दाबून बघा, हाताला कळेल. २० मीटर पाणी म्हणजे तळाच्या प्रत्येक चौरस मीटरवर २० टन, खालून वर. पेटी २२० मीटर लांब आणि २२ मीटर रुंद धरली तर एकूण जोर जवळजवळ लाख टनांचा होतो. काँक्रीटचं वजन घनमीटरला अडीच टन. म्हणजे नुसत्या वजनाने हा जोर दाबायचा तर ८ मीटर जाडीचं भरीव काँक्रीट हवं. तेवढं कोणी ओतत नाही. दीड-दोन मीटरचा राफ्ट (तळाचा स्लॅब), कॉन्कोर्सचा (तिकिटाच्या मजल्याचा) स्लॅब, भिंती, मीटरभर जाडीचा छताचा स्लॅब आणि त्यावर दोन-तीन मीटर माती, असं सगळं मिळून वजन जमवायचं. तरी कमी पडलं तर खडकात अँकर (पोलादी सळया) घालायचे, किंवा खोदाईसाठी भोवती घातलेल्या सिकंट पाईलच्या (एकमेकांत घुसवलेल्या काँक्रीटच्या खांबांच्या) भिंतीला पेटी बांधून टाकायची. गाडी आणि प्रवासी यांचं वजन या हिशोबात धरत नाहीत. धरलं तरी फरक पडत नाही. दोन हजार माणसं म्हणजे सव्वाशे-दीडशे टन, आणि आपण लाखाच्या गोष्टी करतोय.

हे एवढं लांबवलं ते एका कारणासाठी. भूजलाचा जोर प्रचंड आहे, पण तो माहीत असलेला जोर आहे. तो सावकाश बदलतो, कागदावर मांडता येतो, आणि स्टेशन उघडण्याआधी पेटीने तो कित्येक पावसाळे सोसलेला असतो. काही चुकलं असेल तर भेगा आणि पाझर दाखवून ते आधीच कळवतं.

खरी जोखीम बांधकाम चालू असतानाची. छत पडून वर माती भरेपर्यंत पेटीला पुरेसं वजन नसतं, म्हणून तोवर बाहेरचं पाणी उपसत राहावं लागतं. पंप कधी बंद करायचे याची रीतसर लेखी परवानगी लागते. कोणी सहज स्विच काढत नाही. बऱ्याच ठिकाणी राफ्टमध्ये मुद्दाम उभे पाईप सोडलेले असतात. जनरेटरसकट सगळे पंप बंद पडले तर त्या पाईपांतून पाणी आत येऊ द्यायचं. पेटी भिजली तर पुसता येते, उचलली गेली तर संपलंच. नव्या पोरांना हे आधी पटत नाही. पाणी बाहेर ठेवायला नेमलेला माणूस पाण्याला आत यायची वाट का ठेवतो, असं त्यांना वाटतं.

उपशाची दुसरी बाजू शेजाऱ्यांची. खड्ड्यातलं पाणी जास्त ओढलं की शेजारच्या मातीतलंही उतरतं, चिकणमाती दबते, आणि जुन्या इमारतीला तिरकस तडे जातात. म्हणून खड्ड्याभोवती पाण्याची पातळी मोजणारे पीझोमीटर, इमारतींवर झुकाव मोजणारी यंत्रं, रस्ता किती खचतो ते मोजायला रस्त्यात खिळे. रोजचे आकडे रोज बघायचे. गिरगाव-काळबादेवीत राहणाऱ्यांनी आपल्या भिंतींवर चिकटवलेले पांढरे फलक आणि आरसे पाहिले असतील, ते याचसाठी. कोलकात्यात ३१ ऑगस्ट २०१९ ला बहूबाजारमध्ये बोगदा खणणाऱ्या यंत्राने जमिनीतल्या पाण्याचा साठा फोडला, पाण्याबरोबर माती बोगद्यात आली आणि वरची घरं खचली. जमिनीतलं पाणी कोणाला मारक ठरतं ते यावरून दिसेल: काम चालू असताना, आणि वरच्या शेजाऱ्यांना.

चालू स्टेशनात ते दिसतं ते ओल म्हणून. पेटीला बाहेरून मेम्ब्रेन (पाणी न झिरपणारा पडदा) असतं, काँक्रीटच्या सांध्यांत वॉटरस्टॉप पट्ट्या असतात, तरीही २०० मीटर लांबीच्या पेटीत कुठे ना कुठे एखादा सांधा रडतोच. मग भिंतीला भोक पाडून पॉलियुरेथेनचं ग्राउट (भेगा बुजवणारं रसायन) दाबाने भरायचं. इथे बंद केलं की पाणी दोन-तीन मीटर सरकून दुसरीकडून डोकावतं, त्याच्या मागे मागे जात राहायचं. हे काम स्टेशन उघडल्यावरही पहिले दोन-तीन पावसाळे चालतं. तेव्हा भिंतीवर ओलसर डाग किंवा छताखाली लावलेलं पत्र्याचं पन्हाळ दिसलं तर घाबरू नका. त्यातून पडणारं पाणी संपमध्ये (पाणी गोळा करायच्या खड्ड्यात) जातं आणि पंपाने वर. (प्लॅटफॉर्मवरचे निम्मे थेंब तर एसीचे आणि लोकांच्या छत्र्यांचे असतात.)

आता आभाळातलं पाणी. हे लवकर संपतं. जिन्याच्या तोंडावर छप्पर नाही असं धरा, उघडी जागा ६ मीटर बाय १० मीटर, आणि पाऊस तासाला १०० मिलिमीटर, म्हणजे मुंबई बंद पाडणारा. त्या जागेवर तासाभरात ६ हजार लिटर पाणी पडेल, सेकंदाला दोन लिटरही नाही. पायऱ्यांच्या तळाशी आडवी जाळीची गटार आणि एक साधा पंप, प्रश्न मिटला. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पडला, तो सगळा थेट जिन्यात पडला असता तरी पंपांना जड गेलं नसतं.

उरलं रस्त्यावरचं पाणी. माझ्या मते भुयारी स्टेशनाचा खरा वैरी हाच.

तेच ६ मीटर रुंदीचं तोंड घ्या. पायरीच्या कडेवरून फक्त १५ सेंटीमीटर पाणी आत वाहतंय, म्हणजे घोट्याच्या थोडं वर. बांधावरून ओसंडणाऱ्या पाण्याच्या साध्या सूत्राने मांडलं तर सेकंदाला जवळपास ६०० लिटर होतात. दहा हजार लिटरचा टँकर दर सतरा सेकंदांनी जिन्यात रिकामा होतोय असं समजा. स्टेशनचे पंप पाझर, धुलाई आणि आग विझवतानाचं पाणी यांच्या हिशोबाने बसवलेले असतात. या प्रवाहापुढे ते चालू असले काय आणि बंद असले काय. ‘पंपांची क्षमता का वाढवली नाही?’ हा प्रश्न टीव्हीवर फार विचारला जातो, पण तो चुकीच्या जागी विचारलेला आहे. रस्त्यावरचं पाणी पंपाने थोपवत नाहीत. ते उंचीने थोपवायचं असतं.

म्हणून प्रवेशद्वार बांधताना पहिला आकडा ठरतो तो त्या जागी आजवर आलेल्या पुराची सर्वांत वरची पातळी. उंबरठा त्याच्या वर घ्यायचा. भुयारात उतरायच्या आधी दोन-चार पायऱ्या चढायला का लावतात, असं तुम्हाला कधी वाटलं असेल तर कारण हे. बँकॉकमध्ये हे फार ठळक दिसतं. तिथल्या भुयारी स्टेशनांत शिरताना आधी मीटरभर वर चढायचं आणि मग खाली उतरायचं. २०११ च्या महापुरात शहराचे मोठे भाग पाण्यात होते, पण भुयारी मेट्रो वाचली.

मग सगळीकडे दीड-दोन मीटर उंच का करत नाहीत? कारण ज्या आईबद्दल तुम्ही विचारताय तिच्यासारख्यांना वर चढवायचं असतं. रॅम्पचा उतार १ ला १२ लागतो. ९० सेंटीमीटर उंचीला जवळजवळ ११ मीटर रॅम्प, मध्ये थांबायला सपाट जागा धरून त्याहून जास्त. दादर किंवा गिरगावच्या फुटपाथवर एवढी जागा आणायची कुठून? खांबाएवढी जागा मागितली तरी दुकानदार, झाड आणि पाण्याची लाईन तिन्ही मध्ये येतात. त्यामुळे बहुतेक ठिकाणी उंबरठा पुराच्या पातळीच्या थोडा वर ठेवायचा आणि त्यापुढची तयारी म्हणून दोन्ही बाजूंच्या भिंतींत खाचा सोडायच्या. वेळ आली की त्या खाचांत फळ्या सरकवायच्या. आजकाल त्या रबरी कडा असलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या असतात. उपाय चांगला आहे. अट एकच: फळ्या त्याच स्टेशनात ठेवलेल्या असाव्यात आणि रात्रपाळीच्या माणसाने त्या एकदा तरी स्वतः बसवून पाहिलेल्या असाव्यात.

आणि जिना हे एकच तोंड नसतं. लिफ्ट, हवा खेचायचे आणि सोडायचे शाफ्ट, आगीच्या वेळचा जिना, केबलचे डक्ट, शेजारच्या इमारतीला जोडणारा सबवे. यातलं सर्वांत खालचं तोंड जिथे असेल तीच त्या स्टेशनाची खरी उंची. मी पाहणीला गेलो की भव्य प्रवेशद्वाराकडे नंतर बघतो, आधी केबल डक्टची तोंडं सील केली आहेत का ते बघतो. हातभर व्यासाच्या चार पाईपांतून विजेच्या खोलीत पाणी आलं तर स्टेशन बंद पडायला तेवढं पुरतं.

आता अत्रे चौक. बीकेसी ते आचार्य अत्रे चौक हा टप्पा ९ मे २०२५ ला सुरू झाला. स्टेशन चालू झालं तरी त्याचं एक प्रवेशद्वार अजून बांधकामात होतं. मुंबईत मोसमी पाऊस सरासरीने ११ जूनला येतो, त्या वर्षी तो २६ मे लाच आला आणि पहिल्याच दिवशी दक्षिण मुंबईला झोडपून गेला. मुंबई मेट्रो रेल कॉर्पोरेशनने जाहीर केलं ते असं: शेजारच्या युटिलिटीतून (जमिनीखालच्या पाईप-केबलच्या लाईनीतून) अचानक पाणी झिरपलं आणि अपूर्ण प्रवेशद्वारापाशी पाणी अडवायला बांधलेली काँक्रीटची भिंत कोसळली. म्हणजे छत गळलं नव्हतं आणि जमिनीतलं पाणी पेटी फोडून आलं नव्हतं. तात्पुरत्या बांधाने बंद केलेलं एक तोंड उघडं पडलं.

अशा भिंतीबद्दल एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. पाणी अडवणाऱ्या भिंतीमागची पाण्याची उंची दुप्पट झाली की तिच्या बुडाशी येणारा वाकवणारा जोर दुप्पट होत नाही, आठपट होतो. त्यामुळे मीटरभर पाण्याला आरामात उभी राहणारी भिंत दोन मीटरला कधी मान टाकेल सांगता येत नाही. आणि पाणी तिच्यामागे साठतं कसं? स्टेशनच्या कडेने सरकवलेल्या पाण्याच्या, मलजलाच्या आणि पावसाळी लाईनींचे चर परत भरलेले असतात, पण ती माती शेजारच्या जुन्या जमिनीइतकी घट्ट नसते. दक्षिण मुंबईत जुने ढापा ड्रेन (रस्त्याकडेची झाकलेली गटारं) आहेत, काहींचे नकाशेही धड नाहीत. अशी एखादी लाईन फुटली की पाणी त्या मऊ चरातून वाहत येतं आणि पहिला अडथळा भेटेल तिथे साचतं. वरून रस्ता कोरडा दिसत असतानाही असं होऊ शकतं. बाहेर भरती असेल तर पावसाळी वाहिन्यांचं पाणी समुद्रात जात नाही, तुंबतं. वरळीत लव्हग्रोव्ह आणि क्लीव्हलँड बंदर ही पंपिंग स्टेशनं त्याचसाठी आहेत.

त्यातून माझं मत असं: अर्धं प्रवेशद्वार बांधकामात असलेलं भुयारी स्टेशन पावसाळ्याच्या तोंडावर उघडायचं असेल, तर तात्पुरत्या भिंतीला ‘तात्पुरती’ म्हणून सवलत देऊ नये. तिचं डिझाइन कायमच्या भिंतीच्या निकषाने व्हावं, आणि पाऊस १० जूनपर्यंत येणार नाही या हिशोबाने तर मुळीच नको. मुंबईतली नालेसफाईची मुदतसुद्धा ३१ मे धरलेली असते. त्या वर्षी पाऊस त्याच्याही आधी येऊन बसला. माझे काही सहकारी यावर म्हणतात की एवढं करायचं तर कुठलाच टप्पा वेळेत उघडणार नाही. त्यांचंही चूक नाही, पण तो हिशोब उघडपणे मांडून घ्यायचा निर्णय आहे.

थोडं थांबून एवढं धरून ठेवा: जमिनीतलं पाणी पेटी अडवते, आभाळातलं पंप काढतात, रस्त्यावरचं उंबरठा थोपवतो. तिसरं काम सगळ्यात साधं दिसतं आणि नेमकं तेच बिघडतं. न्यूयॉर्कमध्ये साउथ फेरी हे स्टेशन २००९ मध्ये नव्याने बांधून उघडलं होतं. ऑक्टोबर २०१२ मध्ये सँडी वादळाच्या वेळी तोंडावर प्लायवूड आणि वाळूची पोती होती, समुद्र आत आला आणि स्टेशन पुन्हा उघडायला जून २०१७ उजाडला.

यावर तुम्ही विचाराल, की मग माणसांच्या जिवाचं काय? इथे चीनमधल्या झेंगझोऊची गोष्ट टाळून चालणार नाही. २० जुलै २०२१ ला तिथे एका तासात २०१.९ मिलिमीटर पाऊस झाला. पाण्याने गाड्यांच्या डेपोपाशी संरक्षक भिंत पाडली, पाणी उतारावरून मेट्रो ५ च्या बोगद्यात घुसलं आणि दोन स्टेशनांच्या मध्ये अडकलेल्या गाडीत १४ जणांचा जीव गेला. बोगदा जमिनीवर येतो ते तोंड सगळ्यांत मोठं असतं आणि त्याला दार नसतं. दुसरी गोष्ट, गाडी चालू ठेवली गेली. मेट्रो ३ ला जमिनीवर येणारं तोंड उत्तरेला आरेकडे आहे, आणि आरे हा शहरातल्या उंच भागांपैकी. दक्षिणेचं टोक, कफ परेड, भुयारातच संपतं. हा आपल्याकडचा मोठा फायदा. २६ मे ला घडलं तेही लक्षात घ्या: अत्रे चौक बंद केलं आणि गाड्या त्याआधीच्या वरळी स्टेशनापर्यंतच चालवल्या. पाणी असलेल्या भागात गाडी पाठवायची नाही, हा एक नियम पाळला तर बहुतेक प्राणघातक शक्यता तिथेच संपतात.

स्टेशनातून बाहेर पडण्याची व्यवस्था मुळात आगीच्या निकषावर बेतलेली असते: गर्दीच्या वेळचा प्लॅटफॉर्म ४ मिनिटांत रिकामा व्हावा आणि सगळे ६ मिनिटांत सुरक्षित जागी पोचावेत, हा जगभर वापरला जाणारा निकष. जिन्यांची रुंदी त्यावरून ठरते. पाणी आगीपेक्षा सावकाश चढतं. आधी प्लॅटफॉर्मखालचा रुळांचा खड्डा भरावा लागतो, आणि तो दोन्ही बाजूंच्या बोगद्यांना जोडलेला असल्याने पाणी पसरत जातं. प्लॅटफॉर्मवर उभ्या असलेल्या धडधाकट माणसाला बाहेर पडायला वेळ मिळतो, हे मी खात्रीने सांगेन. फक्त ज्या जिन्यातून पाणी येतंय त्याच जिन्याने वर जायचा अट्टहास करू नका. प्रत्येक स्टेशनाला रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला किंवा दुसऱ्या टोकाला आणखी तोंड असतं, ते कुठे उघडतं हे कोरड्या दिवशी एकदा बघून ठेवा. व्हिडिओ काढायला थांबणारे लोक जिना अडवतात, त्यांच्यात उभं राहू नका. गाडी बोगद्यात थांबली तर कर्मचाऱ्यांनी सांगितल्याशिवाय दार उघडायला जाऊ नका. छताला २५ हजार व्होल्टची तार असते.

काय काय परिस्थितीवर अवलंबून आहे तेही सांगतो, कारण सरसकट ‘सुरक्षित आहे’ म्हणणं प्रामाणिक होणार नाही. स्टेशन सखल जागी आहे की चढावर? त्याची सगळी तोंडं पूर्ण झाली आहेत की एखाद्यापाशी अजून पत्र्याचे बॅरिकेड आणि खड्डा आहे? शेजारी नव्याने रस्ता किंवा पाईपलाईन खोदली आहे का? भरतीची वेळ आणि मुसळधार पाऊस एकत्र येतायत का? साडेचार मीटरच्या वरची भरती आणि त्याच वेळी जोराचा पाऊस असं दिसलं तर मी स्वतः अर्धा तास ऑफिसातच थांबतो. त्या वेळी भुयारापेक्षा स्टेशनबाहेरचा रस्ताच वाईट असतो. उघड्या मॅनहोलची भीती मला प्लॅटफॉर्मपेक्षा कितीतरी जास्त वाटते, आणि दादरजवळच्या सखल हिंदमाताच्या आसपास कंबरभर पाण्यातून चालणं हे कुठल्याही भुयारी स्टेशनात उभं राहण्यापेक्षा धोक्याचं आहे.

तेव्हा तुम्ही स्वतः पावसाळ्यात मेट्रो ३ ने जरूर जा.

आईचं उत्तर मात्र वेगळं आहे. लिफ्टचा खड्डा हा सगळ्यात खालच्या मजल्याच्याही खाली असतो, त्यामुळे आत आलेलं पाणी आधी तिथे उतरतं. म्हणून पाणी शिरतंय असं कळताच लिफ्ट वरच्या मजल्यावर नेऊन बंद करतात, सरकते जिनेही थांबवतात. ते बरोबरच आहे, पण मग तुमच्या आईला प्लॅटफॉर्मपासून रस्त्यापर्यंत चार-पाच मजल्यांच्या पायऱ्या गुडघे धरून चढाव्या लागतील, तेही मागून येणाऱ्या गर्दीत. नेहमीच्या पावसात तिला बिनधास्त न्या. फक्त लिफ्ट रस्त्यावर कुठे उघडते ते बघा, कारण काही ठिकाणी ती मुख्य प्रवेशद्वारापासून दूर, दुसऱ्या फुटपाथवर असते. हवामान खात्याचा रेड अलर्ट असेल त्या दिवशी तिला नेऊ नका. निघाल्यावर वाटेत पाऊस वाढला तर चर्चगेटपर्यंत जायचा हट्ट न धरता ज्या स्टेशनात लिफ्ट चालू आहे तिथेच वर या, आणि स्टेशन कंट्रोलरला आधीच सांगून ठेवा की सोबत पायऱ्या न चढू शकणारी व्यक्ती आहे. त्यांच्याकडे व्हीलचेअर असते, आणि अशा माणसाला गर्दीच्या आधी वर काढतात.